अंगाचा रंग

दिवाळीच्या सुटींत घरांत मुलें जमलीं म्हणजे पहिले चार दिवस फराळांत आणि किल्ल्यांत जातात. पांचव्या दिवसापासून त्यांचें काय करावें हा वडील मंडळींपुढें प्रश्न पडतो. आमच्या लहानपणीं या प्रश्नाला ठरलेलें उत्तर असे, तें म्हणजे हस्तलिखित मासिक. ज्याचें अक्षर चांगलें त्यानें लिहावयाचें, ज्याचा हात बरा त्यानें समासांत वेलबुट्टी काढावयाची, आणि ज्याला कांहींच येत नसे त्यानें संपादक व्हावयाचें. अंकाची प्रत एकच. ती पालघरच्या आमच्या घरांतून निघून आळींत सर्वत्र फिरे आणि पंधरा दिवसांनीं परत येई, तेव्हां तिच्यावर कोठें चहाचा डाग तर कोठें हळदीचें बोट उमटलेलें असे.

यंदा मुंबईस कलाशाळेंत शिकणाऱ्या आमच्या पुतणीनें हाच खेळ नव्या नांवानें मांडला. नांव 'झाइन'. एक कागद घ्यावयाचा, घड्या घालून त्याची आठ पानांची चिमुकली पुस्तिका करावयाची, झेरॉक्सच्या दुकानांत तिच्या साठ प्रती काढावयाच्या आणि फुकट वांटावयाच्या. छापखाना नाहीं, प्रकाशक नाहीं, संपादकहि नाहीं. हें शेवटचें ऐकून आम्हांस जरा वाईट वाटलें, कारण आमचें सारें बालपण त्याच पदावर गेलें होतें.

येथवर सर्व ठीक होतें. विषय कोणता, असें आमचे वडील बंधु आप्पा यांनीं झोपाळ्यावरून विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "चित्रांतला वर्णद्वेष." आप्पांनीं पाय टेकून झोपाळा थांबविला. "तो अमेरिकेंतला विषय," ते म्हणाले. "पालघर-बोईसरास त्याचें काय काम?"

खरें सांगावयाचें तर आमचेंहि मत तेंच होतें. गोऱ्यांनीं काळ्यांस कसें वागविलें हें आपण वाचतों, हळहळतों, आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवतों. पुतणीनें वाद घातला नाहीं. तिनें इतकेंच सांगितलें कीं, जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें आपलें पुस्तक अमेरिकेंतल्या गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केलें होतें, आणि १९७२ सालीं मुंबईंत निघालेल्या 'दलित पँथर'नें आपलें नांव तिकडच्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतलें. म्हणजे या विषयाचें इकडे काम आहे हें दुसऱ्यांना दीडशें वर्षांपूर्वींच उमगलें होतें. आमच्या झोपाळ्यापर्यंत यावयास त्याला वेळ लागला, इतकेंच.

त्याच सायंकाळीं आप्पांचा सहा वर्षांचा नातू ओटीवर चित्र काढीत बसला होता. खडूंच्या पेटींतून तो कांहीं शोधीत होता. "अंगाचा रंग कोठें गेला?" म्हणून त्यानें विचारलें. अंगाचा रंग म्हणजे पेरूच्या गरासारखी ती फिकट गुलाबी कांडी. शाळेंत तिला सर्व मुलें 'स्किन कलर' म्हणतात. तो आपल्या आजीचें, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनींचें, चित्र काढीत होता. वहिनी रंगानें सांवळ्या, चांगल्याच सांवळ्या आहेत. पोरानें कांडी सांपडतांच ती आजीच्या मनगटाशेजारीं धरली, थोडा वेळ पाहिलें आणि विचारलें, "हा कोणाच्या अंगाचा रंग?" अमेरिकेंत क्रेयोला कंपनीनें अशाच कांडीचें 'फ्लेश' हें नांव १९६२ सालीं बदलून 'पीच' केलें, असें पुतणीनें सांगितलें. पोराला पीच म्हणजे काय तें ठाऊक नव्हतें. त्यानें वहिनींना शेवटीं विटकरी रंग दिला.

दुसऱ्या दिवसापासून मुलांनीं घरांतल्या चित्रांची झडती सुरू केली. जुनीं कॅलेंडरें, लग्नपत्रिका, मासिकांचे दिवाळी अंक, औषधांच्या व साबणांच्या जाहिराती, सारें माजघरांत पसरलें. मौज सर्वांत अधिक देवांची झाली. राम श्याम, कृष्ण तर नांवानेंच काळा, द्रौपदीचें एक नांव कृष्णा. पंढरीची मूर्ति काळी, आणि सांवळा म्हणून आपण तिचें कौतुक करतों. परंतु कॅलेंडरावर राम आकाशासारखा निळा, आणि द्रौपदी तर अशी गोरी कीं तिला कृष्णा कां म्हणावें हें कोणास सांगतां येऊं नये. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढला, तो पुढें मळवलीस गेला, आणि तेथून निघालेलीं चित्रें घरोघरच्या देव्हाऱ्यापर्यंत पोंचलीं. त्याच्या हाताची थोरवी कोणी नाकारणार नाहीं. आमच्या आजीनें त्याच्या लक्ष्मीपुढें साठ वर्षें निरांजन लावलें. परंतु लक्ष्मी दिसावयास कशी असावी हें तेव्हांपासून आपल्या डोळ्यांत जें बसलें, तें वधूपरीक्षेच्या वेळींहि डोळ्यांतून उतरलें नाहीं.

वधूपरीक्षेचा विषय निघाला तो वधुवर-सूचींच्या गठ्ठ्यामुळें. गोरी, गोरीपान, गव्हाळ, निमगोरी. निमगोरी या शब्दाचा शोध लावणाऱ्या गृहस्थास आमचा नमस्कार असो! आठ-दहा वर्षांच्या सूचींत मुलांना 'सांवळी' हा शब्द दोनदां आढळला, आणि दोन्ही वेळां त्याच्यापुढें 'परंतु' होतें. १९७५ सालीं बाजारांत आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाच्या जाहिराती त्याच मासिकांत, कधीं कधीं समोरच्याच पानावर. २०२० सालीं कंपनीनें त्या नांवांतला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला.

हें सर्व हंसण्यावारी चाललें होतें, तोंच थोरल्या वहिनी उठून आंत गेल्या आणि ट्रंकेंतून एक फोटो घेऊन आल्या. "हा छाप तुमच्या पुस्तकांत," त्या पुतणीला म्हणाल्या. फोटो त्यांचाच, लग्नापूर्वींचा, दाखविण्यासाठीं काढलेला. फोटोवाल्यानें निगेटिव्हवर पेन्सिल फिरविली होती. त्या काळीं सर्रास फिरवीत. निगेटिव्हवर काळें केलें म्हणजे कागदावर तेवढें पांढरें उठतें. फोटोंतल्या मुलीचे डोळे वहिनींचे होते, कानांतल्या कुड्या त्यांच्या होत्या, चेहरा मात्र दुसऱ्या कोणाचा तरी होता.

"हा फोटो पाहून मंडळी मला पाहावयास आली," वहिनी सांगूं लागल्या. "मला पाहिल्यावर पंधरा दिवस निरोप नाहीं. मग माझ्या वडिलांनीं दोन तोळे वाढविले, तेव्हां होकार आला." हें त्या ज्या आवाजांत म्हणाल्या त्याच आवाजांत त्या दुधाचा हिशेब सांगतात. आप्पा झोपाळ्यावर होते. झोपाळा हालत नव्हता.

वाचकांपासून लपवून काय उपयोग? त्या पाहण्याच्या बैठकींत आम्हीहि होतों. वय नऊ-दहा वर्षांचें असेल. पोह्यांची बशी हातांत असतांना, "फोटोंतल्यासारखी नाहीं ही," असें मोठ्यानें बोलणारा मुलगा तो आम्हीच. घरीं परत येतांना गाडींत आमच्या त्या चौकसपणाचें कौतुक झालें होतें. पन्नास वर्षांत वहिनींनीं एकदांहि तें वाक्य आम्हांस ऐकविलें नाहीं. त्यांना तें ऐकूं गेलें नसावें, असा आम्हीं आपल्या सोयीचा समज करून घेतला होता. त्या सायंकाळीं आम्हीं विचारलें. "ऐकूं न यावयास काय झालें?" त्या म्हणाल्या. "दाराआडच तर उभी होतें."

फोटो छापावा कीं न छापावा यावर घरांत दोन दिवस काढले. घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असा एक पक्ष. मुलीकडच्यांनीं फोटो रंगविला ही लबाडी त्यांची, त्यांत आमचा दोष काय, असा दुसरा. दुसऱ्या पक्षाला पुतणीनें विचारलें कीं, लबाडी कोणी करावयास लावली? निकाल वहिनींनींच दिला. "चेहरा माझा आहे," एवढेंच त्या म्हणाल्या. चौथें पान त्यांचें ठरलें: डावीकडे तो फोटो, उजवीकडे त्याच वर्षींचा, बहिणीच्या घरीं सहज काढलेला, पेन्सिल न लागलेला.

'वर्ण' हा शब्द आपल्या भाषेंत मोठा सोयीचा आहे. रंग म्हणजे वर्ण, अक्षर म्हणजे वर्ण, आणि चातुर्वर्ण्यांतला तोहि वर्ण. एखाद्याचें वर्णन करणें हेंहि त्याच धातूचें. दुसऱ्याचें वर्णन करणारा त्याला आपल्या हातचा रंग देतोच, मग हातांत लेखणी असो, कुंचला असो कीं कॅमेरा. मुंबईंतला विल्यम जॉन्सन नांवाचा छायाचित्रकार होता. त्यानें १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत मुंबईंतल्या जातिजमातींचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध केला. पुतणीनें त्यांतलीं चित्रें दाखविलीं. माणसें मोठ्या रुबाबांत देवळापुढें, घाटापुढें उभीं आहेत. परंतु माणसांचे फोटो एके ठिकाणीं काढून मागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा जोडलेला आहे! पाहणाऱ्यास वाटावें कीं ही जात अशी, अशाच ठिकाणीं, अशीच उभी असते. पुढें १८६८ ते १८७५ या काळांत 'द पीपल ऑफ इंडिया' या नांवाचे आठ जाडजूड भाग सरकारच्या आश्रयानें निघाले. आणि १९०१ च्या शिरगणतीवरचे रिस्लेसाहेब तर नाकाची रुंदी मोजून त्यावरून जातीची उंची सांगूं लागले. हें गणित आमच्या आजोबांच्या पिढीस खटकल्याचें आम्हीं कधीं ऐकिलें नाहीं. त्यांत आपलें नाक वर होतें.

मजकूर जमला, आतां सजावट. पालघर जिल्ह्याचा अंक म्हटल्यावर समासांत वारली चित्रें हवींच, असें सर्वांनीं गृहीत धरलें, आणि पुतणीच्या धाकट्या भावानें दोन त्रिकोण टोंकाला टोंक जोडून माणसें काढावयास आरंभहि केला. तर्प्याभोंवतीं गोल धरून नाचणारीं. तेवढ्यांत पुतणीची एक मैत्रीण आली. पालघरच्या महाविद्यालयांत दोघी बरोबर होत्या. घर मनोरच्या बाजूला, जात वारली, सध्यां एका शाळेंत शिकविते. चहा घेतां घेतां तिनें तो कागद पाहिला आणि हंसत आम्हांस म्हणाली, "काका, आमचीं माणसें तुमच्या कागदावर नेहमीं नाचतच कशीं असतात?"

आम्ही हंसलों. मग तिची दृष्टि पसाऱ्यांतल्या एका लग्नपत्रिकेवर गेली. ती आप्पांच्या मुलाच्या लग्नाची. हातकागदावर गेरूच्या रंगांत छापलेली, वर सुंदर वारली चौक. त्या वेळीं सर्वांनीं तिची वाखाणणी केली होती. तिनें चौकांतल्या आकृतीवर बोट ठेवून, "ही कोण, ठाऊक आहे?" म्हणून विचारलें. आम्हांस ठाऊक नव्हतें. ती पालघट देवी. लग्न असलेल्या घरांत सवाशिणी भिंत सारवून, गेरू लावून, तांदुळाच्या पिठानें हा चौक काढतात. धवलेरी बाई गाणीं म्हणून लग्न लावते. म्हणजे आमच्या ब्राह्मविधीच्या लग्नाच्या पत्रिकेवर आम्हीं दुसऱ्याच एका विवाहाची देवता बसविली होती, आणि तिच्याखालीं श्रीगजाननाला नमन करून आहेराचा स्वीकार नसल्याचें कळविलें होतें. त्या लग्नास वारली माणसें आलीं नव्हतीं असें नाहीं. चार-पांच होतीं. मांडवाच्या मागें भांड्यांवर होतीं, आणि त्यांना पत्रिका गेलेली नव्हती.

या चित्रांची हकीकत जिल्ह्यांतल्या लोकांस तरी ठाऊक असावी. हीं चित्रें मूळचीं बायकांचीं, भिंतीवरचीं, लग्नापुरतीं. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रकारानें या पाड्यांवर येऊन कागद व रंग पुरविले. डहाणू तालुक्यांतल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढें आले. लहानपणीं आई गेल्यावर हा मुलगा बोलेनासा झाला होता, जें सांगावयाचें तें धुळींत रेघा ओढून सांगे, असें म्हणतात. १९८९ सालीं पॅरिसच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें लागलीं, २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ सालीं ते वारले. त्यांच्यामागें कित्येक पुरुष या कलेवर पोट भरूं लागले, हें चांगलेंच झालें. परंतु पिढ्यान् पिढ्या भिंतीवर चौक काढणाऱ्या बायांपैकीं किती जणींचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं? आतां तीं चित्रें चहाच्या पेल्यांवर, साड्यांवर, सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर आहेत. तीं कोणीं काढलीं हें विचारण्याची रीत नाहीं.

समासांतले नाचणारे खोडून टाकले. मैत्रिणीनें सहावें पान मागून घेतलें. तिच्या आजीनें आयुष्यांत पुष्कळ चौक लिहिले आहेत. ('काढले' नव्हे, 'लिहिले' असें ती म्हणते.) त्या आजीचें नांव पानावर मोठ्या अक्षरांत घातलें, येथें तें देण्यास मात्र आजींनीं नकार दिला, म्हणून आम्ही देत नाहीं. त्या पानावर मैत्रिणीनें एकच माणूस काढला आहे. दोन त्रिकोणांचाच, परंतु नाचत नाहीं. गवताचा भारा खालीं ठेवून उभा आहे. १९४५ सालीं तलासरी-डहाणूकडे वारल्यांनीं वेठीस जावयाचें नाकारलें, त्या वर्षींचा हा माणूस. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला तलवाड्यास गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड पडला. ही हकीकत आमच्या कपाटांतहि होती. गोदावरी परुळेकरांचें 'जेव्हा माणूस जागा होतो' हें पुस्तक आप्पांनीं त्याला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें तेव्हां विकत घेतलें होतें. त्याचीं मागचीं पानें अजून फाडावयाचीं राहिलीं होतीं.

वारली चित्रांतलीं सारीं माणसें पांढरीं. पाटील, भगत, नवरी, पोर, सारीं तांदुळाच्या पिठाचीं. तेथें अंगाच्या रंगाची कांडी लागतच नाहीं.

खरा खोळंबा झाला तो बोईसर स्टेशनाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत. चौथें पान यंत्रांतून बाहेर आलें तें असें: पेन्सिल फिरविलेला फोटो स्वच्छ, नाकडोळे ठसठशीत, आणि शेजारचा खरा फोटो म्हणजे काळा डाग, त्यांत दोन कुड्या चमकताहेत. दुकानदारानें बिचाऱ्यानें शाई कमी करून पाहिली, तेव्हां चेहऱ्याबरोबर केंसहि गेले. यंत्रहि त्या जुन्या फोटोवाल्याचाच पक्ष घेत होतें! पुतणी म्हणाली, यांत नवल नाहीं. रंगीत फोटोंच्या काळीं कोडॅक कंपनी रंग नीट जुळले कीं नाहीं हें पाहण्यासाठीं छापखान्यांना जें नमुन्याचें कार्ड पाठवी, त्यावर कित्येक वर्षें गोरीच बाई असे. तिचा चेहरा बरोबर आला कीं सर्व बरोबर. बाकीच्यांचे चेहरे कसे येतात याची चौकशी फार उशीरां झाली.

उपाय जुनाच सांपडला. वर्तमानपत्रें फोटो छापतात तीं ठिपक्यांनीं. ठिपके दाट तेथें काळोख, विरळ तेथें उजेड. पुतणीनें एक रात्र जागून बारीक टोंकाच्या पेननें वहिनींचा खरा चेहरा ठिपक्याठिपक्यांनीं उतरविला. वहिनी समोर बसल्या होत्या. हनुवटीखालीं दाट, कपाळावर विरळ, गालावर मधलें. सकाळीं दुकानांतून तो चेहरा जसाच्या तसा बाहेर आला, सांवळा, आणि डोळे, ओंठ, कपाळावरचा देवीचा व्रण, सर्व जागच्या जागीं.

कोणास असा अंक करावयाचा असल्यास युक्ति सोपी आहे. कागदाला उभ्याआडव्या घड्या घालून आठ चौकोन पाडावे. मग तो अर्ध्यांत दुमडून, दुमडलेल्या बाजूनें मधल्या रेघेवर एक चौकोनभर कात्री चालवावी, आणि उलगडून दोन्ही टोंकें एकमेकांकडे लोटावीं म्हणजे पुस्तिका होते. मात्र वरच्या ओळींतलीं चार पानें उलटीं मांडावयाचीं, हें विसरूं नये. आम्ही विसरलों. पहिल्या वीस प्रतींत रविवर्म्याची लक्ष्मी खालीं डोकें वर पाय अशी आहे. त्याहि वांटल्या.

अंक पालघरांत गेला, बोईसरच्या वसाहतींत गेला, चिंचणी-तारापुरास आमच्या मावसबहिणींकडे गेला, दहा प्रती मैत्रिणीनें शाळेंत नेल्या. एका परिचित निवृत्त शिक्षकांनीं, विषय चांगला पण घरच्या माणसांस असें उघडें करूं नये, म्हणून सांगितलें. आमच्या एका सुनेनें मुलीच्या स्थळासाठीं काढलेल्या फोटोंपैकीं दोन बाजूला काढले. कां, तें तिनें सांगितलें नाहीं.

घड्या घालण्याचें काम आप्पांनीं केलें. एरवीं पान हालवितील तर शपथ. परंतु त्या दोन दुपारीं झोपाळ्यावर पाट ठेवून त्यांनीं साठहि प्रती नखानें दाबून दुमडल्या. चौथ्या पानाबद्दल ते कोणाशीं एक अक्षर बोलले नाहींत, वहिनींशींहि नाहीं. शेवटच्या दिवशीं त्यांनीं पुतणीकडून एक पाकीट मागून घेतलें आणि त्यावर पुण्यास असणाऱ्या आमच्या थोरल्या बहिणीचा पत्ता स्वतःच्या हातानें घातला.

"तिलाहि एक जाऊं दे," ते म्हणाले. "त्या बैठकींत तीहि होती."